‘धातू जाणे’ : एका तक्रारीचे व्याकरण

मराठीच्या विद्यार्थ्याला ‘धातू’ हा शब्द प्रथम भेटतो तो व्याकरणाच्या तासाला. क्रियापदातील प्रत्ययरहित मूळ शब्द म्हणजे धातू. विज्ञानाच्या पुस्तकात हाच शब्द लोखंड-तांब्याचा वाचक होतो आणि आयुर्वेदात शरीराचे धारण करणाऱ्या सात घटकांचा. ‘धा’ म्हणजे ठेवणे, धारण करणे. ज्याच्या आधारावर बाकीचे सारे उभे राहते, ते धातू. या शब्दाचा आणखी एक उपयोग मराठीत शतकानुशतके चालत आला आहे आणि तो वर्गात उच्चारला जात नाही. लघवीतून ‘धातू जाणे’ ही ती तक्रार होय. दवाखान्याच्या अर्धवट लोटलेल्या दाराआड, बहुधा मान खाली घालून, ती सांगितली जाते.

या तक्रारीचे वर्णन भारतीय डॉक्टरांच्या परिचयाचे आहे. रुग्ण बहुधा तरुण असतो. लघवीबरोबर किंवा शौचाच्या वेळी काही पांढरट द्रव जातो, असे तो सांगतो. अशक्तपणा, कंबरदुखी, विसराळूपणा, उदासी आणि लग्नाची भीती यांची यादी त्यापाठोपाठ येते. तपासणीत बहुतेक वेळा रोग असा काही सापडत नाही. जेवणानंतर फॉस्फेटच्या कणांमुळे लघवी गढूळ दिसू शकते; कुंथताना पुरःस्थ ग्रंथीचा थोडा स्राव बाहेर येऊ शकतो; स्वप्नावस्था हा तर तारुण्याचा नित्यक्रम. म्हणजे चिन्ह साधे असते आणि दुःख मात्र मोठे. या दोहोंमधील अंतर कशाने भरले गेले आहे, हा वैद्यकाइतकाच इतिहासाचा आणि भाषेचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्या अंतराचा मागोवा घ्यावयाचा आहे.

१

या भीतीचे खापर सर्वसाधारणपणे आयुर्वेदावर फोडले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र ही सप्तधातूंची मांडणी अशी आहे की, अन्नाचा रस एकेका पायरीने शुद्ध होत शेवटी शुक्रापर्यंत पोहोचतो. जे शेवटी येते ते सर्वांत मोलाचे, हा निष्कर्ष या क्रमातच दडलेला आहे. चरकसंहितेत शुक्र क्षीण झालेल्या माणसाची लक्षणे दिली आहेत : दुर्बलता, तोंडाला कोरड, पांढुरकेपणा, थकवा, क्लैब्य. आजच्या रुग्णाची यादी तिच्याशी ताडून पाहिली, तर साम्य नजरेत भरल्याशिवाय राहत नाही. प्रमेहाच्या वीस प्रकारांत शुक्रमेह हा एक प्रकारही आहे.

मात्र त्याच संहितेत सूत्रस्थानाचा सातवा अध्याय आहे आणि त्याकडे लोकप्रिय ब्रह्मचर्यवाङ्मयाने सोयीस्कर डोळेझाक केली. कोणते शारीरिक वेग अडवू नयेत, हा त्या अध्यायाचा विषय. मूत्र, मल, शिंक, जांभई, अश्रू, झोप अशा तेरा वेगांच्या यादीत शुक्राचाही वेग आहे. तो अडवल्यास जननेंद्रियात व वृषणांत शूळ, अंग मोडून येणे, हृदयात व्यथा आणि मूत्राचा अवरोध होतो, असे तेथे सांगितले आहे. शुक्रमेह हा कफज प्रमेहांपैकी एक आणि कफज प्रमेह साध्य मानलेले. शिवाय आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक संपूर्ण अंग आहे. तेव्हा जुन्या वैद्यकाची दृष्टी प्रमाणाची होती. अतिव्यय वाईट, अवरोधही वाईट, आणि जे खर्च होते ते भरून काढता येते. दूध, तूप, उडीद यांनी पुन्हा भरून काढण्याजोगी ही झीज होती. ती एकदाच मिळालेली आणि थेंबाथेंबाने कायमची सरत जाणारी पुंजी कधी झाली, हे शोधायला थोडे दूर जावे लागते.

२

लंडनमध्ये १७१२च्या सुमारास ‘ओनानिया’ नावाचे एक निनावी पुस्तक निघाले. हस्तमैथुनामुळे शरीराची कोणकोणती वाताहत होते, हे सांगणे त्याचा विषय होता. त्या वाताहतीवरच्या औषधांची जाहिरातही त्याच पुस्तकात होती. साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे अशी गोष्ट पुढची आहे. नंतरच्या आवृत्त्यांत वाचकांची पत्रे छापली जाऊ लागली. एकाने आपले दुखणे लिहावे, दुसऱ्याने ते वाचून आपल्या अंगात तेच शोधावे आणि पुढच्या आवृत्तीसाठी स्वतःचे पत्र धाडावे, असे हे चक्र होते. आपले दुःख कोणत्या शब्दांत मांडायचे, हे वाचक त्या पत्रांतून शिकला. भीतीचा प्रसार प्रवचनापेक्षा या पत्रांच्या वाङ्मयप्रकाराने अधिक केला, असे म्हणण्यास जागा आहे.

पुढे लोझानचे ख्यातनाम डॉक्टर तिसो यांनी १७५८ मध्ये लॅटिनमध्ये आणि १७६० मध्ये फ्रेंचमध्ये याच विषयाला शास्त्राची वस्त्रे चढवली. एक औंस वीर्य गमावणे हे चाळीस औंस रक्त गमावण्यापेक्षा घातक, हा हिशेब त्यांच्या नावाने युरोपभर गाजला. चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब होतो, हे आपल्याकडील आखाड्यांतले आणि चौकांतले गणित ज्यांनी ऐकले असेल, त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. कोणाचा आकडा कोठून आला, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. दोन दूरच्या समाजांत एकच हिशेब लोकांना पटत होता, एवढे येथे पुरे.

एकोणिसाव्या शतकात माँपेलिए येथील शल्यविशारद लालमाँ यांनी १८३६ ते १८४२ या काळात अनैच्छिक वीर्यपातावर तीन खंड लिहिले आणि ‘स्पर्मटोरिया’ नावाचा रोग वैद्यकात दृढ केला. त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे मूत्रमार्गात नळी घालून सिल्व्हर नायट्रेटने आतला भाग डागणे. निरोगी तरुणांनी स्वेच्छेने ही डागणी करून घेतली. इंग्लंडमध्ये विल्यम ॲक्टन यांच्या १८५७च्या ग्रंथाने हीच धास्ती सुशिक्षित घरांत पोहोचवली. विवेकाचा आवाजही होता. जेम्स पॅजेट यांच्या १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात त्यांनी या रुग्णांना बाधणारी गोष्ट मुख्यतः त्यांची धास्ती असल्याचे मांडले आणि हस्तमैथुन हे तितक्याच वेळा केलेल्या समागमाहून अधिक अपायकारक नाही, असे स्पष्ट सांगितले. शतकाच्या अखेरीस ‘स्पर्मटोरिया’ वैद्यकातून ओसरू लागला. रोगजंतू सापडले म्हणून किंवा औषध सापडले म्हणून तो गेला नाही. त्याच्यावर विश्वास ठेवणारे डॉक्टर कमी झाले, तसा तोही विरळ झाला.

३

युरोपात ओसरू लागलेली ही भीती इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे आली, तेव्हा तिला येथे तयार जमीन मिळाली. येथे सप्तधातूंचा क्रम होता, संन्यासाचा आदर्श होता आणि त्यांत आता पारतंत्र्याची बोच मिसळली. राज्यकर्ते हिंदी माणसाला, विशेषतः शिकलेल्या हिंदी माणसाला, बायकी म्हणून हिणवीत होते. मराठीत ‘वीर्य’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : पराक्रम आणि शुक्र. ‘निर्वीर्य’ हे विशेषण एकाच वेळी व्यक्तीलाही लागते आणि राष्ट्रालाही. भाषेतच जेथे पराक्रम आणि शरीरातील एक द्रव एका शब्दात सांधले गेले आहेत, तेथे पहाटे ओले झालेले धोतर पाहून सोळा वर्षांच्या मुलाला आपल्या हातून राष्ट्राचेही काही नुकसान झाले, असे वाटले तर नवल नाही. व्यायामाच्या, चारित्र्याच्या, देशसेवेच्या उपदेशात वीर्यरक्षण हे कलम ठरलेलेच असे. गांधीजींसारख्या थोर पुरुषानेही वीर्यसंयम हा सामर्थ्याचा उगम मानला. वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांतून धातुपौष्टिक गोळ्यांच्या जाहिराती याच भीतीवर पोसल्या गेल्या. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी स्वतंत्र भारताला १९५४ मध्ये औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा करावा लागला.

या पार्श्वभूमीवर रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे मोल कळते. कर्वे गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२५ मध्ये नोकरी सोडली आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत हे मासिक एकट्याच्या बळावर चालवले. त्यांच्या चरित्रावरील ‘ध्यासपर्व’ (२००१) या चित्रपटामुळे संततिनियमनाचे कर्वे आपल्या परिचयाचे आहेत. ‘समाजस्वास्थ्य’मधील वाचकांच्या प्रश्नोत्तरांकडे मात्र वाङ्मयप्रकार म्हणून फारसे पाहिले जात नाही.

वाचक आपल्या शरीराच्या शंका लिहून पाठवीत आणि कर्वे मोजक्या, कोरड्या शब्दांत उत्तर देत. हस्तमैथुनाने शक्तिपात होत नाही, ब्रह्मचर्याने सामर्थ्य वाढत नाही, असे ते पुन्हा पुन्हा सांगत. ‘ओनानिया’मधील पत्रांशी याची तुलना केली म्हणजे विरोध स्पष्ट होतो. मांडणी तीच : अनोळखी वाचक, निनावी दुःख, छापील उत्तर. पण लंडनच्या पुस्तकात पत्र छापले जाई ते भय वाढवून औषध खपवण्यासाठी. मुंबईच्या मासिकात ते छापले जाई ते भय काढून टाकण्यासाठी. कर्व्यांच्या या उत्तरांतील कोरडेपणा मुद्दाम पाहण्याजोगा आहे. त्यात सांत्वन नाही, उपदेश नाही, लाजेला दिलेली सवलत नाही. जणू गणिताचे उदाहरण सोडवून दाखवावे, तसे ते उत्तर असते. ज्या विषयावर सारे जण कुजबुजत किंवा गर्जत बोलत होते, त्यावर साध्या आवाजात बोलणे ही त्या काळातली मोठी शैलीगत क्रांती होती.

त्याची किंमतही त्यांना द्यावी लागली. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात आक्षेप होता तो या प्रश्नोत्तरांवरच. त्या वेळी कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. मासिक लैंगिक आरोग्यालाच वाहिलेले असेल आणि वाचक त्याविषयी विचारत असतील, तर उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. विकृती वाटेल ते ज्ञानानेच दूर होईल, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला गेला आणि दोनशे रुपये दंड झाला. प्रश्न विचारणे आणि उत्तर देणे यांनाच न्यायालयाने अश्लील ठरवले, म्हणजे रुग्णाला आपल्या दुखण्यासाठी फक्त जाहिरातवाल्याकडे जाण्याची मुभा उरली.

४

या तक्रारीला आधुनिक मानसोपचाराने नाव दिले ते १९६० मध्ये. नरेंद्रनाथ विग यांनी तिला ‘धात सिंड्रोम’ म्हटले. १९७५ मध्ये मल्होत्रा आणि विग यांचा निबंध निघाला आणि त्याच्या शीर्षकातच ही पौर्वात्यांची, संस्कृतीशी बांधलेली लैंगिक मनोव्याधी असल्याचे म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२च्या रोगवर्गीकरणातही हे नाव दाखल झाले. नाव मिळाल्याने एक भले झाले. तरुणांचे हे दुःख नोंदले जाऊ लागले आणि त्यामागील नैराश्य व चिंता यांकडे लक्ष गेले. एक वाईटही झाले. जे दुःख शंभर वर्षांपूर्वी पॅरिस-लंडनमध्ये सर्रास होते, ते आता पूर्वेचे खास लक्षण ठरले. २००४ मध्ये सुमतिपाल, सिरिबद्दन आणि दिनेश भुग्रा यांनी याच विसंगतीवर बोट ठेवले. तिसो आणि लालमाँ यांचा इतिहास समोर मांडून त्यांनी विचारले, की ही व्याधी एका संस्कृतीशी बांधलेली आहे असे कसे म्हणता येईल? अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या नियमपुस्तिकेत ‘संस्कृतिबद्ध सिंड्रोम’ हा वर्ग गेला आणि दुःखाच्या सांस्कृतिक संकल्पना ही अधिक सावध भाषा आली.

पश्चिमेतील आजच्या मूत्रविकारशास्त्रालाही न उलगडणाऱ्या व्यथा काही कमी नाहीत. बाल्टिमोरचे हनर यांनी १९१५ मध्ये मूत्राशयाच्या एका वेदनामय विकाराचे वर्णन केले. जंतू न सापडणाऱ्या त्या विकाराचे कोडे आजही पुरते सुटलेले नाही. पुरुषांतील दीर्घकालीन ओटीपोटाच्या वेदनेत बहुतेक वेळा संसर्ग आढळत नाही. ‘अस्पष्ट’ हा शिक्का त्यामुळे केवळ आपल्याकडच्या अडाणीपणाचा पुरावा ठरत नाही.

५

आतापर्यंतची सारी कथा पुरुषांची झाली आणि हे अपघाताने झालेले नाही. पुरुषाच्या धातूला संहिता होती, ग्रंथ होते, आखाडे होते, जाहिराती होत्या, खटले होते. स्त्रीच्या तक्रारीला यांतले जवळजवळ काही नव्हते. ‘अंगावरून पांढरे जाणे’ किंवा ‘धुपणी’ असे शब्द तिच्यापाशी होते आणि ते बायकांतच बोलले जात. हाडे झिजून पांढरे पाणी जाते, अंगातली उष्णता बाहेर पडते, शक्ती वाहून जाते, अशी स्पष्टीकरणे दक्षिण आशियात सर्वत्र ऐकू येतात. पुरुषाच्या आणि स्त्रीच्या तक्रारीत क्रियापद एकच आहे : जाणे. काहीतरी आपल्यातून निघून चालले आहे आणि ते थांबवता येत नाही. मराठीत मात्र ‘अंग’ या शब्दाचा दुसराही एक वाक्प्रचार आहे, दुखणे अंगावर काढणे. मराठी स्त्रीच्या आरोग्याचा इतिहास या दोन वाक्प्रचारांच्या मध्ये मावतो.

हे मौन मोडणारी दोन संशोधने आपल्या भूमीवरची आहेत. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगाशी संबंधित तक्रारी सांगितल्या. तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक विकार आढळले, सरासरी प्रत्येकी ३.६, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असेच सरकारी कागद मानत आले होते. या आकड्यांनी तो समज मोडला.

दुसरे संशोधन गोव्यातील. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २,४९४ स्त्रियांची पाहणी करून २००५ मध्ये एक वेगळाच प्रश्न विचारला : स्त्रिया पांढरे जाण्याची तक्रार का करतात? संसर्गाच्या चाचण्याही त्यांनी केल्या. या तक्रारीचे नाते संसर्गापेक्षा नैराश्य, चिंता आणि अंगभर जाणवणाऱ्या इतर अस्वस्थतेशी अधिक घट्ट असल्याचे दिसले. कारण विचारले असता अनेक स्त्रियांनी स्वतःच मनावरचा ताण आणि अंगातली उष्णता ही उत्तरे दिली होती. लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्ग तुलनेने थोडे निघाले.

वरवर पाहता ही दोन उत्तरे परस्परविरोधी वाटतात. गडचिरोली म्हणते, स्त्रियांच्या अंगात खरोखर रोग आहेत. गोवा म्हणते, तक्रारीचे मूळ बहुधा संसर्गात नाही. वस्तुतः दोन प्रश्न वेगळे आहेत. एकाने विचारले, स्त्रीच्या शरीरात रोग आहे काय? दुसऱ्याने विचारले, स्त्री बोलते ती रोगामुळेच काय? गडचिरोलीच्या आकड्यांतही हे उत्तर आहेच. तक्रार केली ५५ टक्क्यांनी आणि विकार सापडले ९२ टक्क्यांत. म्हणजे गप्प राहणाऱ्याही आजारी होत्या. तक्रार आणि रोग यांचे एकास एक असे नाते नाही, हा दोन्ही संशोधनांचा समान धडा आहे.

हा भेद केवळ विद्वानांच्या कामाचा नाही. स्राव म्हणजे लैंगिक संसर्ग असे गृहीत धरून चाचणीविना औषधे देण्याची पद्धत १९९०च्या दशकात गरीब देशांत रूढ झाली. अशा वेळी स्त्रीच्या हाती प्रतिजैविके पडतात, नवऱ्यालाही गोळ्या घ्यायला सांगितले जाते आणि घरात संशय शिरतो. थकलेली बाई बोलते आपल्या थकव्याविषयी आणि ऐकणारा ऐकतो तिच्या चारित्र्याविषयी. याउलट सारे मनाचे खेळ म्हणून तिला परत पाठवले, तर उपचाराने बरा होणारा विकारही तसाच राहतो. लघवीतील रक्त, ताप, आग, पू यांची तपासणी व्हायलाच हवी. ती झाल्यावर आणि काही न सापडल्यावरही ऐकणे संपू नये.

६

कर्व्यांचे थोरपण मान्य करूनही त्यांच्या पद्धतीची मर्यादा येथे दिसते. चूक समजूत काढून टाकली की दुःख जाईल, हा त्यांचा बुद्धिवादी विश्वास होता. पुष्कळांचे ते गेलेही असेल. योग्य माहिती हा आजही या तक्रारीवरील उपचाराचा पहिला भाग आहे. परंतु ज्याचे लग्न ठरत नाही, ज्याला काम नाही, जिला घरात बोलायला माणूस नाही, त्यांच्यासाठी धातू किंवा पांढरे हे शब्द म्हणजे एकमेव मान्य असलेली भाषा असते. शब्द खोटा ठरवला, तरी त्या शब्दातून जे सांगायचे होते, ते सांगायचे राहूनच जाते. म्हणून आजचा मानसोपचार माहितीबरोबर नैराश्याचा आणि चिंतेचाही विचार करतो. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांच्या आरोग्यविषयक बोलण्यावर जे मराठी पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘कानोसा’ आहे. कर्व्यांच्या उत्तरांनंतरचा टप्पा त्या नावात आला आहे.

साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो, की शब्दाचा अर्थ कोशात संपत नाही. कोण बोलतो, कोणाशी बोलतो, कोणत्या प्रसंगी बोलतो, यांवर तो ठरतो. दवाखान्यात ‘कारण आढळले नाही’ असे लिहिले जाते, तेव्हा ते विधान शरीराविषयी असते तितकेच त्या संवादाविषयीही असते. चरकापासून कर्व्यांपर्यंत आणि लोझानपासून गडचिरोलीपर्यंत एकच तक्रार वेगवेगळ्या कानांवर पडली. कोणी ती डागली, कोणी विकली, कोणी उपदेशात घातली, कोणी न्यायालयात नेली. तिच्याकडे पूर्ण वाक्य म्हणून पाहणारे फार थोडे निघाले. धातू हा क्रियापदाचा केवळ आरंभ असतो. त्याला प्रत्यय लागल्यावर कर्ता कळतो, काळ कळतो. ‘जा’ या धातूला कोणाच्या आयुष्याचे कोणते प्रत्यय लागले आहेत, हे ऐकल्यावाचून ही तक्रार कळणार नाही.